पाचाडचा फळा: गावच्या बातम्या आणि येणारे कार्यक्रम कसे लिहावेत

आमचं पाचाड रायगडाच्या पायथ्याशी आहे. महाडहून गडाकडे यायला निघालात की चोवीस-पंचवीस किलोमीटरवर लागतं. जिजाऊसाहेबांचा वाडा इथेच, समाधी इथेच. मी इथे खानावळ चालवते आणि खानावळीच्या पडवीतला फळाही मीच लिहिते. तोच मजकूर संध्याकाळी गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका विचारतात, आम्हालाही असा फळा सुरू करायचाय, कसं काय करायचं? त्यांच्यासाठी हे लिहितेय. ज्या गावाला इतिहास आहे आणि त्यामुळे वर्षातून काही दिवस पाहुण्यांचा लोंढा आहे, अशा कुठल्याही गावाला यातलं बरंच लागू पडेल.

आधी एक गोष्ट पक्की करा: फळा कुणासाठी? पाहुण्यांसाठी नाही. गड किती उंच, पायऱ्या किती, रोपवे कुठून सुटतो, हे सांगायला पाट्या आहेत, मोबाइल आहे, आणि नाहीतर मी आहेच. फळा गावासाठी. सहा जूनला लाखांनी माणसं येतात तेव्हा गावातल्या बाळंतिणीला महाडला न्यायचं झालं तर गाडी कुठून काढायची, हे पाहुण्याला कळून उपयोग नाही, तिच्या सासूला कळायला हवं. पहिल्या ओळीत कार्यक्रमाचं भारदस्त नाव आणि प्रमुख पाहुण्यांची यादी लिहिणारे बरेच असतात. ते काम फ्लेक्सवाल्यांना करू द्या. आपण पहिल्या ओळीत लिहायचं की त्या दिवशी आपल्या घराला काय फरक पडणार.

आता तारखांचं. आमच्याकडचा सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शिवराज्याभिषेक गडावर वर्षातून दोनदा साजरा होतो. एकदा तारखेने, 6 जूनला, आणि एकदा तिथीने, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. 1674 साली हे दोन्ही एकाच दिवशी होते, आता दरवर्षी त्यांच्यातलं अंतर बदलतं. 2023 साली तिथी 2 जूनला आली, म्हणजे तारखेच्या आधी. 2025 साली 9 जूनला आली, तेव्हा शुक्रवारच्या 6 तारखेपासून सोमवारपर्यंत आमच्या रस्त्याला उसंतच नव्हती. 2026 साली ज्येष्ठ अधिक आहे. 6 जून अधिक महिन्यात पडतो आणि खरी, म्हणजे निज ज्येष्ठातली त्रयोदशी 27 जूनला येते. तीन आठवड्यांचं अंतर, आणि दोन्ही वेळा शनिवार. ज्यांना कामावरून सुट्टी काढून यायचं असतं त्यांचा इथेच घोळ होतो. कुणी ‘राज्याभिषेकाला या’ एवढंच कळवलं, तर मुंबईचा भाचा एका शनिवारी येतो आणि पालखी बघायची राहून जाते.

म्हणून फळ्यावर कुठलाही कार्यक्रम लिहिताना तारीख, वार आणि तिथी, तिन्ही लिहायचं. वार तर कधीच सोडू नका. तारखेचा आकडा खडूने पुसट झाला तरी वारामुळे माणूस सावध होतो. जिजाऊसाहेबांची पुण्यतिथीही अशीच. राज्याभिषेकानंतर अवघ्या काही दिवसांत, 17 जून 1674 ला, त्या इथे पाचाडातच गेल्या. तिथीने ज्येष्ठ वद्य नवमी. 2026 साली ती नवमी जुलैत जाते. महाराजांची पुण्यतिथी मात्र गडावर चैत्र पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या दिवशी होते, आणि 3 एप्रिल ही तारीख फारसं कुणी धरत नाही. शिवजयंतीचा तर प्रश्नच नको: 19 फेब्रुवारी सरकारी, फाल्गुन वद्य तृतीया तिथीची, आणि दोन्हीला ढोल वाजतात. कुठली खरी यावर फळ्यावर वाद घालायचा नाही. दोन्ही लिहायच्या, पुढे ‘तारखेने’ किंवा ‘तिथीने’ एवढा शब्द जोडायचा आणि खडू खाली ठेवायचा. पडवीत बसून वाद घालणाऱ्यांना मी चहा देते, खडू देत नाही.

तिथी एकाच पंचांगातून घ्या आणि दरवर्षी त्याच पंचांगातून घ्या. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा साधारण हिशेब असला तरी उत्सव कोणत्या दिवशी धरायचा हे शेवटी उत्सव करणारी मंडळी ठरवतात. त्यांना विचारल्याशिवाय लिहू नका. चैत्रात नवीन पंचांग घरात आलं की मी पहिल्या आठवड्यात वर्षभराच्या तिथी वहीत उतरवून घेते. अधिक महिना आहे का, हे सगळ्यात आधी बघते. त्या वर्षी गणपतीही लांबतात. 2026 ची गणेश चतुर्थी 14 सप्टेंबरला आहे. चाकरमान्यांना हे फार आधी कळवावं लागतं, कारण कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि माणगावला उतरायची तिकिटं सकाळी चहा उकळेपर्यंत संपलेली असतात. या एका बातमीसाठी मुंबईची पोरं आमचा ग्रुप सोडत नाहीत.

आता मजकूर. सहा जूनच्या आधीच्या आठवड्यात मी साधारण असं लिहिते:

‘शनिवार 6 जून (राज्याभिषेक, तारखेने). शुक्रवार दुपारपासून रविवार सकाळपर्यंत महाड रस्त्यावर गर्दी. बाहेरच्या गाड्या वाटेतच थांबवून माणसं एसटीने आणतात. आपली गाडी लागणार असेल तर शुक्रवारी सकाळीच बाहेर काढून ठेवा. गॅस, पीठ, औषधं गुरुवारपर्यंत आणा. पाणी शुक्रवारी रात्री भरून ठेवा. दवाखान्याची गरज पडली तर आधी पोलीस मदत केंद्राला सांगा, ते वाट काढून देतात. गावकऱ्यांनी आधार कार्ड जवळ ठेवा.’

बघा, यात राज्याभिषेकाबद्दल कंसातले फक्त दोन शब्द आहेत. बाकी सगळं घराचं आहे. वाहतुकीचा भाग मात्र मनाने कधीच लिहू नका. कुठले रस्ते बंद, अवजड गाड्या कधीपासून अडवणार, याचा आदेश प्रशासन काढतं आणि तो दरवर्षी थोडा वेगळा असतो. आदेशाची प्रत ग्रामपंचायतीत येते. ती वाचायची, त्यावरची तारीख बघायची आणि तेवढंच उतरवायचं. मागच्या वर्षीच्या आदेशाचा फोटो या वर्षी फिरतो, हे दर उन्हाळ्यात होतं. फोटोत साल दिसत नसेल तर तो पुढे पाठवायचा नाही, मग तो पाठवणारा सख्खा दीर का असेना.

पावसाळ्यात फळ्याची रीत बदलते. जूननंतर हवा इतकी ओली की खडू फळ्यावर धरतच नाही, नुसता पांढरा चिखल होतो. मी तेव्हा जाड स्केचपेनने कागदावर लिहून तो प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालते आणि तोंड खाली करून टांगते, म्हणजे वरून पागोळीचं पाणी आत उतरत नाही. मजकूरही आखडतो. जुलै 2024 मध्ये गडाच्या पायऱ्यांवरून धबधब्यासारखं पाणी आलं, माणसं अडकली आणि प्रशासनाने गड काही काळ बंद ठेवला, ते चित्र सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलंय. तेव्हापासून पावसाळ्यात रोज सकाळी तीनच ओळी: हवामान खात्याचा इशारा कुठल्या रंगाचा, गड चालू की बंद, रोपवे चालू की बंद. ‘बंद’ लिहिलं तर कुणी सांगितलं आणि किती वाजता सांगितलं तेही लिहायचं. रोपवेचा खालचा थांबा हिरकणीवाडीला आहे. तिथे फोन करून विचारायला दोन मिनिटं लागतात, पण न विचारता लिहिलेल्या ‘चालू’मुळे एखाद्या म्हाताऱ्या जोडप्याचा पुण्याहून आलेला सगळा दिवस फुकट जातो. दरडीच्या बातमीला तर आमच्या तालुक्यात कुणी सहज म्हणून घेत नाही. 2021 च्या जुलैत दरडीखाली गेलेलं तळिये याच तालुक्यातलं. ऐकीव दरड फळ्यावर नाही, ग्रुपवर तर मुळीच नाही.

ग्रामसभेची बातमी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे दिवस साधारण ठरलेले, पण ‘ग्रामसभा आहे’ एवढं वाचून कुणी येत नाही. नोटीस सात दिवस आधी लागायला हवी. ती लागली की त्यातले विषय वाचा आणि ज्या विषयाने माणूस उठून येईल तो वर घ्या. ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय असतो, त्याला कोण येणार? ‘वरच्या आळीची पाणीयोजना’ लिहिलं की वरची आळी येते. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यातलं जे कमी ते लागतं, हेही एकदा लिहून टाका. आणि बायांनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. तिची वेळ वेगळ्या ओळीत, मोठ्या अक्षरात लिहा. ती वेळ दुपारी भाकऱ्या थापायच्या वेळेला ठेवली असेल तर लिहिण्याआधी ग्रामसेवकांकडे जाऊन बदलून घ्या. सांगितलं की बदलतात.

दुःखाची बातमी लिहायची तर आधी घरी विचारा. नाव, कुणाची आई किंवा कुणाचे वडील, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, एवढंच. कशाने गेले ते लिहायचं नाही. त्या दिवशी फळ्यावर दुसरं काही नको, बचत गटाची बैठकसुद्धा उद्यावर ढकला.

ग्रुपवर टाकताना फळ्याचा फोटो टाका आणि खाली तेच टाइप करा, कारण फोटोतली अक्षरं शोधता येत नाहीत. वाचता न येणाऱ्यांसाठी तीस-चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप द्या. आमच्या आळीतल्या आत्या तो लावून सगळ्या ओटीला ऐकवतात, दवंडीच म्हणा. ग्रुपवर लिहिण्याचा हक्क तीन-चार जणांनाच ठेवा, त्यातली निदान एक बाई असू द्या. काही बदललं तर जुना निरोप पुसू नका. नव्या निरोपात पहिला शब्द ‘दुरुस्ती’ लिहा आणि काय होतं, काय झालं, दोन्ही द्या. पुसलेल्या निरोपाबद्दल गावात ज्या कथा होतात त्या मूळ बातमीपेक्षा लांब असतात.

बाहेरून येणारे मजकूर आणून देतील: शिबिर, स्पर्धा, मोहीम, भव्य-दिव्य. 2025 च्या जुलैत रायगड धरून 12 किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हापासून असे मजकूर आणणाऱ्यांची संख्या वाढलीय. चांगली गोष्ट आहे. पण लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. परवानगी कुणाची? गड पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिथे मंडप टाकायलाही कागद लागतो. कचरा कोण उचलणार? आणि पाणी कुणाचं वापरणार? एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे हंड्याची रांग लागते, त्यात दोनशे माणसांचं शिबिर तक्क्याच्या विहिरीशेजारी बसवायचं म्हणजे काय ते समजून घ्या. त्या विहिरीला टेकायला दगडी तक्क्या आहे. जिजाऊसाहेब तिथे बसून पाण्याला आलेल्यांची गाऱ्हाणी ऐकत, असं इथे सांगतात. तिन्ही प्रश्नांची उत्तरं आली तर लिहिते. दोनच आली तर तिसरं आणायला परत पाठवते, जेवण मात्र देऊन.

साहित्याचा खर्च विचारलात तर फळा शाळेतून निघालेला जुना मिळाला, रंग आणि खडू बचत गटाच्या पैशातून. दर सोमवारी सकाळी सगळा पुसून नव्याने लिहिते. पुसायचं फडकं ओलं नको, ओल्या फडक्याने पुढचे दोन तास काही उमटत नाही.