नळी अन् पाईप दोन्ही सव्वा इंचीच, तरी बेसिनखाली गळतंय? मग हे बघा

बेसिनखाली गळायला लागलं की आपल्याकडं पहिला इलाज ठरलेला, पाईपाला पॉलिथिन गुंडाळायचं, वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची अन् त्यावर पांढरं सिमेंट थापायचं. आमच्या लातूरच्या घरात मिस्त्रीनं हेच करून ठेवलं होतं, महिनाभर बरं चाललं, मग टपटप सुरू. आता 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आमचं गाव, बेसिनखाली लावलेली बादली मोरीत ओतून द्यायला हात धजत नव्हता, म्हणून कढीपत्त्याला घालायचो. कढीपत्ता लई भारी आला, पण बेसिनखालच्या कपाटाचा प्लाय फुगला तेव्हा म्हणलं आता आपणच खोलून बघू.

खोलल्यावर कळलं, सगळा घोळ एका शब्दाचा. दुकानात जाऊन म्हणलं सव्वा इंची पाईप द्या, त्यानं बरोबर सव्वा इंचीच दिला, अन् घरी आणून बघतो तर बॉटल ट्रॅपची (बेसिनखाली लटकतं ते बाटलीसारखं भांडं) नळी त्यात खुळखुळा वाजवल्यासारखी हलतीय. कारण असं की बेसिनच्या सामानातली सव्वा इंची म्हणजे बाहेरून 32 मिमीची नळी, अन् पीव्हीसी पाईपात, तो शेतात टाकतो तसला, सव्वा इंची म्हणजे बाहेरून 40 मिमी. तो आतून साधारण 36 भरतो. म्हणजे नळीच्या चारी बाजूंनी दोन-दोन मिमी फट, अन् ती फट भरायला मग सिमेंट, लांबी (पुट्टी), चिंधी काय वाट्टंल ते. पीव्हीसीचा दीड इंची म्हणजे 50 अन् दोन इंची म्हणजे 63, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. पण शेतातला उरलेला तुकडा वापरणार असाल तर एक ध्यानात ठेवा, 4 किलोचा अन् 6 किलोचा पाईप (हे किलो वजनाचे नाहीत, पाईप सोसतो त्या दाबाचे) बाहेरून सारखाच असतो, जाडी आतल्या बाजूला वाढते, त्यामुळं आत काही बसवायचं असेल तर आतलं मापच घ्यायचं.

कॅलिपर नसलं तरी अडत नाही. पाईपाला दोरा एक वेढा गुंडाळा, जिथं टोक मिळतं तिथं खूण करा अन् पट्टीवर मोजा. 10 सेंमी आलं तर पाईप 32 चा, साडेबारा आलं तर 40, पावणेसोळाच्या जवळ आलं तर 50, अन् वीसच्या आसपास म्हणजे 63. तरी सांगतो, जुना तुकडा पिशवीत टाकून दुकानात घेऊन जाच, तोंडानं सांगितलेलं माप अन् काउंटरवर येणारा माल यांचं जमत नाही.

आता जोड. आपली नळी 32 ची अन् भिंतीतून निघालेला पाईप बहुतेक 50 चा. आधी 50 बाय 40 चा रिड्युसर (एक तोंड मोठं, एक बारीक असा जोड), त्याच्या बारीक तोंडात 40 च्या पाईपाचा बोटभर तुकडा, अन् त्या तुकड्यात रबर. हे रबर म्हणजे मधी भोक असलेलं बूच, बाहेरून कडा-कडा असतात. रबर पाईपात दाबून बसवायचं अन् 32 ची नळी त्याच्या भोकातून चार-पाच सेंमी आत सारायची. सरकत नसेल तर साबणाचं पाणी लावा, तेल-ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. भिंतीतला पाईप टाईलच्या सपाटीला कापलेला असेल तर रिड्युसर चढवायला जागाच राहत नाही, तिथं थेट त्या पाईपात बसणारं मोठं रबर शोधा, नाहीतर टाईल टोचून पाईप तीन-चार सेंमी मोकळा करा. जुन्या घरात भिंतीत लोखंडी जीआय पाईप निघतो, त्याला आट्याचा ॲडॉप्टर लावायचा अन् त्या आट्याला टेफ्लॉन टेप.

सोल्युशन (पीव्हीसी चिकटवायचा डिंक) फक्त पीव्हीसीला पीव्हीसी जोडताना. पितळी क्रोमच्या नळीला ते धरत नाही, अन् पांढऱ्या घड्या-घड्याच्या वेस्ट पाईपातले कित्येक पीपीचे (पॉलिप्रॉपिलिन, वेगळं प्लास्टिक) असतात, त्यालाही नाही. आमच्या मिस्त्रीनं तिथंच अर्धा डबा ओतला होता, वाळल्यावर पापुद्र्यासारखा हातात निघून आला. रिड्युसर लावताना पाईप सरळ कापा, कडंचे कुसळ कानशीनं काढा, दोन्हीकडं कोरडं पुसा, पातळ हात मारा, आत ढकलताना थोडं फिरवा अन् अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर पाईप हळूच मागं सरकतो अन् आपल्याला कळत पण नाही. मग दुसऱ्या दिवसापर्यंत त्या बेसिनला हात लावायचा नाही, घरच्यांना ओरडू द्या.

बॉटल ट्रॅपच्या नटाचं मात्र वेगळं. आधी नळीवर नट, मग वायसर, अन् वायसरची निमुळती बाजू जोडाकडं. उलटा घातला तर कितीबी आवळा, गळणारच. तिथं टेफ्लॉन गुंडाळू नका, पाणी वायसर अडवतो, आटे नाही. हातानं आवळा, लागलंच तर पान्ह्यानं पाव फेरा. प्लास्टिकचा नट जोरात आवळला की बारीक तडा जातो अन् तो दुसऱ्या आठवड्यात दिसतो (हे अनुभवानं सांगतोय, पाव म्हणून पाऊण मारला होता).

अजून एक, दिशा. पत्रे टाकताना वरचा पत्रा खालच्यावर चढवतो ना, तसंच, वरून येणारा पाईप नेहमी पुढच्याच्या आत गेला पाहिजे. माप पण लहानाकडून मोठ्याकडंच वाढत जायचं, मधी कुठं बारीक केलं की केस अन् साबण तिथंच अडकणार. उतार मीटरला दोन सेंमी पुरे.

झालं की बेसिनचं बूच लावून काठोकाठ भरा, खाली कोरडा पेपर अंथरा अन् एकदम बूच काढा. नुसता नळ सोडून बघण्यात अर्थ नाही, भरलेलं पाणी एकदम जाताना जोडावर जोर येतो. पेपरवर ठिपका पडला तर लगेच सगळं खोलू नका, कोरड्या बोटानं वरून खाली चाचपत या. कित्येकदा पाणी वर वेस्ट कपलिंगच्या (बेसिनच्या भोकात बसवलेला जोड) रबरातनं निघतं अन् नळीवरनं ओघळत खालच्या जोडाला टपकतं, बोल मात्र त्या जोडाला.

पेपर कोरडा राहिला तरी पंधरा दिवसांनी एकदा बॅटरी मारून बघा. आपल्याकडं बोअरचं पाणी जड, त्यामुळं जिथं बारीक झिरपतं तिथं पाणी वाळून जातं पण क्षाराची पांढरी रेघ उरते, नटाच्या खाली किंवा रबराच्या कडंला. अशी रेघ दिसली तर नट तसाच आवळू नका, खोला, वायसरवरचा अन् बसायच्या जागेवरचा क्षार व्हिनेगरच्या फडक्यानं काढा अन् मग परत बसवा, ॲसिड लावाल तर क्रोम जाईल.