प्रश्न विचारून झाला, आता गप्प कसं राहायचं?

कोचिंग म्हटलं की आपल्याकडे शिकवणीचे वर्ग आठवतात. हा लेख त्या कोचिंगबद्दल नाही. एकाने प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्याने आपल्या अडचणीतून स्वतःच वाट काढायची, अशा संभाषणाबद्दल तो आहे. ही कला शिकणारे बहुतेकजण चांगले प्रश्न गोळा करत बसतात. मीही तेच केलं. मग परवानगीने रेकॉर्ड केलेलं माझंच एक सत्र ऐकलं आणि कळलं, की प्रश्न ठीक होते, पण उत्तराला मी जागाच ठेवली नव्हती.

आधी गप्प राहणं इतकं जड का जातं ते बघू. दहा भाषांमधल्या बोलण्याचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू होईपर्यंतचं अंतर त्यात सरासरी सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाइतकं निघालं. आपला कान एवढ्याशा फटीला सरावलेला असल्यामुळे तीन सेकंदांची शांतताही युगासारखी वाटते. ती तुम्हाला टोचते. समोरचा मात्र तेव्हा विचारात असतो, त्याला ती बहुधा जाणवतही नाही.

पहिली पायरी: एकच प्रश्न विचारा आणि त्याला शेपूट लावू नका. “तुम्हाला नेमकं काय अडतंय?” इथे थांबायचं. आपण काय करतो? “म्हणजे वेळ मिळत नाही, की टीम साथ देत नाही, की...” अशी पुस्ती जोडतो. झालं, आता तो विचार करत नाही, तुमच्या पर्यायांतला एक उचलतो.

दुसरी पायरी: थांबताना शरीर सांभाळा. पेन खाली ठेवा, एक श्वास सावकाश सोडा. एकटक पाहू नका, त्याने माणूस अवघडतो. त्याची नजर छताकडे किंवा खिडकीकडे गेली तर बहुतेक वेळा काम चालू आहे असं समजा. अशा वेळी “हं, हं” करत राहिलात तरी त्याची तंद्री मोडते.

तिसऱ्या पायरीवर मात्र जरा रेंगाळू या, कारण सगळी गंमत इथेच आहे. उत्तर आलं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही, पुन्हा थांबायचं. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गातल्या या दोन्ही जागा मोजल्या होत्या: शिक्षकाच्या प्रश्नानंतरची आणि मुलाच्या उत्तरानंतरची. शिक्षक साधारण सेकंदभरच थांबत. हा वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि मुलं आपणहून जास्त बोलू लागली. वर्ग आणि कोचिंग एक नव्हे, पण दुसऱ्या जागेचा अनुभव मला सतत येतो.

“कामं वाटून देणं मला जमत नाही.”
“काय आड येतं?”
“लोकांना शिकवत बसायला वेळ नाही.”

इथे वेळेच्या नियोजनावर बोलायचा मोह होतो. तो आवरून पाच-सहा सेकंद थांबा.

“आणि खरं सांगू? त्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं जमलं तर, ही धास्ती आहे.”

पहिलं उत्तर पाठ झालेलं असतं, बऱ्याच जणांना देऊन झालेलं. दुसरं तो स्वतःही बहुधा पहिल्यांदाच ऐकत असतो. म्हणून ते आल्यावर “वा, छान बोललात” अशी दाद देऊ नका. त्याचेच दोन शब्द, “ही धास्ती...”, एवढेच परत ठेवा आणि पुन्हा गप्प व्हा.

चौथी पायरी: कधी बोलायचं ते ओळखा. मराठीत शांतता वेगळी आणि अबोला वेगळा. तुम्ही परीक्षा घेताय किंवा चिडला आहात असं त्याला वाटलं, की शांततेचा अबोला होतो. तो तुमच्याच चेहऱ्याकडे उत्तर शोधत असेल, चुळबुळत असेल, किंवा “तुम्हाला काय ऐकायचंय?” असं विचारत असेल, तर ताणू नका. “घाई नाही, विचार करा” किंवा “प्रश्न नीट मांडला गेला नाही का?” एवढं पुरतं. वरिष्ठाने कनिष्ठासमोर धरलेलं मौन तर फार लवकर धमकीसारखं वाटतं. तुम्ही त्याचे साहेब असाल तर सुरुवातीलाच सांगून टाका: “मी मध्येमध्ये थांबेन, ते तुम्हाला विचार करायला वेळ मिळावा म्हणून.” आणि माणूस घाबरलेला असेल किंवा त्याला साधी माहितीच हवी असेल, तर गप्प बसणं हा आडमुठेपणा आहे. सरळ उत्तर द्या.

फोनवर चेहरा दिसत नाही, व्हिडिओ कॉलवर आवाज उशिरा पोहोचतो. तिथे शांततेचा अर्थ “लाइन कट झाली” असा होतो. “मी आहे, विचार करा” असं एकदा हळूच सांगा आणि मग थांबा.

सरावासाठी पुढच्या संभाषणात एकच जागा निवडा, पहिल्या उत्तरानंतरची. मनात पाच आकडे मोजा. तीनवर तोंड उघडावंसं वाटेल, तेव्हा चार म्हणा.