लिनक्सवर वायफायचा ड्रायव्हर कोसळतोय? आधी लॉग वाचा, मग हात घाला

वायफाय नीट चालू असतं, मध्येच तुटतं, आणि रीबूट केल्याशिवाय काही केल्या परत जोडलं जात नाही. कधी नेटवर्कची यादीच रिकामी दिसते, तर कधी माऊससकट सगळं मशीन गोठतं. मग आपण नेटवर शोधतो, पहिल्या उत्तरातल्या चार ओळी टर्मिनलमध्ये चिकटवतो आणि वाट बघतो. त्या ओळी बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीच्या कार्डासाठी लिहिलेल्या असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. वर त्या ओळी मशीनमध्ये तशाच राहतात आणि पुढच्या वेळी नक्की काय बिघडलंय ते कळणं आणखी अवघड होतं.

ड्रायव्हर म्हणजे लिनक्सच्या वतीने कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. ‘ड्रायव्हर क्रॅश झाला’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्याखाली निदान चार वेगळे बिघाड येतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो. कोणता बिघाड आहे ते कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून या लेखात बरीच जागा लॉग वाचण्यालाच दिली आहे.

लिहिताना उबुंटू, डेबियन आणि त्यांच्यावर बेतलेली वितरणं डोळ्यांसमोर ठेवली आहेत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपीतली लहान अक्षरं आणि इंग्रजी अंक वापरा.

आधी दुसरं इंटरनेट जोडून घ्या

वायफायच बंद असेल तर दुरुस्तीचं पॅकेज उतरवणार कशावर? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही खर्च होत नाही.

कार्ड कोणतं आणि ड्रायव्हर कोणता

टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय -एनएनके’ ही आज्ञा द्या (पहिला शब्द एल-एस-पी-सी-आय, मध्ये जागा किंवा रेघा नाहीत). यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं लिहिलेला भाग शोधा. तिथे ओळीच्या शेवटाकडे एकाच चौकटी कंसात ‘:’ या चिन्हाने जोडलेल्या दोन संख्या असतात. पहिली संख्या कंपनीची: ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. (इंटेलने आपल्या १९७८ सालच्या प्रोसेसरचाच आकडा ओळख म्हणून घेतलाय, ही गंमत एकदा लक्षात आली की विसरत नाही.) यूएसबी डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’ वापरा, तिथे रिअलटेकची संख्या ०बीडीए असते.

एलएसपीसीआयच्या यादीत कार्डाच्याच खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ अशी ओळ दिसेल आणि पुढे नाव: इंटेलसाठी आयडब्ल्यूएलवायफाय, मीडियाटेकच्या अनेक नव्या कार्डांसाठी एमटी७९२१ई, रिअलटेकसाठी आरटीडब्ल्यू८८ किंवा आरटीडब्ल्यू८९ या घराण्यातलं एखादं. ही ओळच नसेल तर काही कोसळलेलं नाही, ड्रायव्हर कार्डाला लागलेलाच नाही. अशा वेळी थेट खालच्या ‘बाहेरून आणलेले ड्रायव्हर’ या भागाकडे जा.

‘युनेम -आर’ देऊन कर्नलची आवृत्तीही टिपून ठेवा. पुढे लागणार आहे.

लॉगमध्ये काय बघायचं

मशीन गोठून रीबूट करावं लागलं असेल तर मागच्या वेळचा लॉग हवा: ‘जर्नलसीटीएल -के -बी -१’. बिघाड पुन्हा घडण्याची वाट बघायची असेल तर एका खिडकीत ‘सुडो डी-एम-ई-एस-जी -डब्ल्यू’ (मधल्या पाच अक्षरांचा एकच शब्द, त्यात रेघा नाहीत) चालू ठेवा. नवी ओळ आली की तिथे लगेच उमटते. आता चार खुणा शोधा.

पहिली खूण फर्मवेअरची. इंटेलच्या कार्डावर ‘मायक्रोकोड एसडब्ल्यू एरर डिटेक्टेड’ आणि खाली आकड्यांचा ढीग. अथेरॉसच्या एटीएच१०के ड्रायव्हरमध्ये सरळ ‘फर्मवेअर क्रॅश्ड’. वायफाय कार्डावर स्वतःचा छोटा प्रोसेसर असतो आणि त्यावर कंपनीने दिलेला प्रोग्रॅम चालतो, त्यालाच फर्मवेअर म्हणतात. तो प्रोग्रॅम पडला, लिनक्स नाही. ड्रायव्हर कार्ड पुन्हा सुरू करून बघतो, म्हणून बऱ्याचदा काही सेकंदांत जोडणी आपोआप परत येते.

दुसरी खूण खऱ्या ड्रायव्हर क्रॅशची: ‘बग’, ‘अनेबल टू हँडल पेज फॉल्ट’ किंवा ‘ऊप्स’ हे शब्द आणि खाली ‘कॉल ट्रेस’. त्यातल्या ‘आरआयपी’च्या ओळीत चौकटी कंसात मॉड्यूलचं (कर्नलमध्ये लोड होणाऱ्या ड्रायव्हरसारख्या तुकड्याचं) नाव असतं. ते वायफायचं असेल तर गुन्हेगार बहुधा सापडला. ऊप्सनंतर मशीन चालू दिसलं तरी काम पुढे रेटू नका. कर्नलची आतली स्थिती भरवशाची राहिलेली नसते. फाइल सेव्ह करा आणि रीबूट करा. मात्र ‘कट हिअर’ आणि ‘वॉर्निंग’ असं लिहून आलेला कॉल ट्रेस म्हणजे क्रॅश नव्हे. ती कर्नलची तक्रार असते, काम चालूच राहतं. या दोहोंची गल्लत फार होते.

तिसरी खूण -११० हा आकडा, म्हणजे वेळ संपली, कार्डाने उत्तर दिलं नाही. सोबत ०एक्सएफएफएफएफएफएफएफएफ असं नुसत्या एफांनी भरलेलं मूल्य दिसलं तर कार्ड बसवरूनच (मशीनशी जोडणाऱ्या मार्गावरूनच) गायब झालंय असं समजा. इथे संशय वीज वाचवण्याच्या सोयींवर घ्यायचा.

चौथी खूण -२, म्हणजे फाइल सापडली नाही. इथे घाई करू नका. इंटेलचा ड्रायव्हर आधी सगळ्यात नव्या फर्मवेअरची फाइल मागतो, नसेल तर एकेक आवृत्ती खाली उतरतो, आणि वाटेत प्रत्येक नकाराची ओळ छापली जाऊ शकते. शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ आलं असेल तर आधीच्या -२ कडे दुर्लक्ष करा. ‘आयडब्ल्यूएल-डीबग-योयो’ नावाची फाइल नसल्याची तक्रारही निरुपद्रवी आहे. तिच्यामागे लागून कित्येकांच्या संध्याकाळी वाया गेल्या असतील.

फर्मवेअर आणि कर्नल

पहिली, दुसरी किंवा खरीखुरी चौथी खूण असेल तर इथून सुरुवात करा. उबुंटूमध्ये ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज आहे. डेबियनमध्ये ते कंपनीवार विभागलेलं आहे: फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय, फर्मवेअर-रिअलटेक, फर्मवेअर-अथेरॉस. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून, अशी पॅकेजेस ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या वेगळ्या विभागात गेली. जुन्या डेबियनवरून वर आलेल्या मशीनमध्ये हा विभाग सोर्सेस फाइलमध्ये (पॅकेजेस कुठून घ्यायची ते सांगणाऱ्या) जोडायचा राहून गेलेला असतो आणि फर्मवेअर जुनंच राहतं. अपडेट केल्यावर नुसतं रीस्टार्ट करू नका, मशीन पूर्ण बंद करून मग सुरू करा.

त्रास अपडेटनंतरच सुरू झाला असेल तर ग्रबच्या (मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूमधून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा. मेनू दिसत नसेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून बघा. जुन्या कर्नलवर दोन दिवस सुरळीत गेले तर दोष नव्यात आहे. दुरुस्ती येईपर्यंत जुन्यावरच राहावं, त्यात कमीपणा काही नाही.

उलटंही घडतं. लॅपटॉप नवा आणि कर्नल जुना. उबुंटू २४.०४ सुरुवातीला ६.८ कर्नलसह आलं आणि डेबियन १२ मध्ये ६.१ आहे; नंतर बाजारात आलेल्या कार्डांची त्यांना नीट ओळख नसते. ताज्या वितरणाचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, काहीही इन्स्टॉल न करता त्यावरून तासभर वायफाय चालवून बघा. तिथे टिकलं तर उबुंटूवर ‘एचडब्ल्यूई’ (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल आणि डेबियनवर बॅकपोर्ट्समधला (चालू आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजेसच्या संग्रहातला) कर्नल घ्या.

वीज वाचवण्याच्या सोयी

माझ्या मते लॅपटॉपवरच्या तिसऱ्या खुणेच्या तक्रारींत सगळ्यात आधी पडताळावी अशी गोष्ट हीच. रिअलटेक आणि मीडियाटेकच्या कार्डांवर तर नक्कीच. आधी तात्पुरता प्रयोग: ‘आयडब्ल्यू डेव्ह’ दिल्यावर कार्डाचं नाव कळेल, समजा डब्ल्यूएलपी३एस०. मग ‘सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी३एस० सेट पॉवर_सेव्ह ऑफ’. रीबूट केलं की हे आपोआप पुसलं जातं, म्हणून बिनधास्त करून बघा.

फरक पडला तर कायमचं करा. उबुंटूमध्ये ईटीसी या फोल्डरच्या आतल्या नेटवर्कमॅनेजरच्या कॉन्फ.डी फोल्डरमध्ये ‘डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ नावाची फाइल असते. तिच्यात ‘वायफाय.पॉवरसेव्ह = ३’ लिहिलेलं असतं, तिथे २ करा. इथे ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद. शून्य लिहून काही बंद होत नाही.

एवढ्याने भागलं नाही तर एक पायरी खाली जायचं. कार्ड ज्या पीसीआय एक्सप्रेस मार्गाने जोडलेलं असतं, तो मार्गही काम नसताना झोपतो. या सोयीला एएसपीएम म्हणतात. काही कार्डं त्या झोपेतून नीट उठत नाहीत. ईटीसीच्या मॉडप्रोब.डी फोल्डरमध्ये ‘वायफाय.कॉन्फ’ अशी फाइल बनवा आणि आपल्या ड्रायव्हरची एकच ओळ लिहा:

ऑप्शन्स एमटी७९२१ई डिसेबल_एएसपीएम=१
ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=वाय
ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८९_पीसीआय डिसेबल_एएसपीएम_एल१=वाय
ऑप्शन्स आयडब्ल्यूएलएमव्हीएम पॉवर_स्कीम=१

शेवटची ओळ इंटेलसाठी आहे. ती एएसपीएमची नाही, कार्डाला नेहमी जागं ठेवण्याची आहे. लिहिण्याआधी ‘मॉडइन्फो -पी’ आणि पुढे मॉड्यूलचं नाव देऊन तो पर्याय आपल्या कर्नलमध्ये आहे ना ते बघा. नसेल किंवा स्पेलिंग चुकलं तरी मॉड्यूल लोड होतंच. लॉगमध्ये फक्त ‘अननोन पॅरामीटर इग्नोअर्ड’ अशी ओळ येते. आपण समजतो उपाय केला आणि तो लागू पडला नाही, प्रत्यक्षात तो झालेलाच नसतो. रीबूटनंतर सिस फोल्डरमधल्या मॉड्यूल या भागात त्या मॉड्यूलचं पॅरामीटर्स फोल्डर उघडून मूल्य तपासा.

आणखी एक उपाय सगळीकडे सांगितला जातो: इंटेलसाठी ‘११एन_डिसेबल=१’. त्याने क्रॅश थांबतही असतील, पण वायफाय ५४ एमबीपीएसच्या जमान्यात जातं. निदानासाठी दहा मिनिटं ठीक, कायमचं नको. ब्लूटूथ हेडफोन लावल्यावरच वायफाय पडत असेल तर आयडब्ल्यूएलवायफायचा ‘बीटी_कोएक्स_ॲक्टिव्ह=०’ करून बघा.

झोपेतून उठल्यावर गेलेलं वायफाय

रीबूट न करता मॉड्यूल काढून परत बसवता येतं. इंटेलच्या बहुतेक कार्डांसाठी ‘सुडो मॉडप्रोब -आर आयडब्ल्यूएलएमव्हीएम आयडब्ल्यूएलवायफाय’, मग ‘सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएलवायफाय’. याने कार्ड जागं होत नसेल आणि लॉगमध्ये नुसते एफ दिसत असतील तर पूर्ण शटडाउन करून चार्जर काढा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा.

त्याच मशीनवर विंडोजही असेल तर विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. त्यात शटडाउन खरा शटडाउन नसतो. विंडोज कार्डाला अर्धवट अवस्थेत सोडून जातं आणि पुढे लिनक्सला -११० मिळतो.

बाहेरून आणलेले ड्रायव्हर

ब्रॉडकॉमचा डब्ल्यूएल किंवा काही स्वस्त यूएसबी डोंगलचे ड्रायव्हर कर्नलसोबत येत नाहीत. डीकेएमएस ही सोय प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते पुन्हा बांधते. हेडर्सचं (बांधणीला लागणाऱ्या कर्नलच्या फाइलींचं) पॅकेज नसेल तर बांधणी फसते आणि कर्नल अपडेटनंतर वायफाय नाहीसं होतं. ‘डीकेएमएस स्टेटस’ लगेच सांगेल. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं आलं तर अडचण सिक्युअर बूटची आहे: मॉड्यूलची सही मशीनला मान्य नाही. पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करताना विचारलेला पासवर्ड रीबूटनंतरच्या निळ्या पडद्यावर भरून ती मान्य करून घ्यावी लागते.

रिअलटेकच्या काही यूएसबी चिप आता कर्नल ६.२ पासूनच्या आरटीडब्ल्यू८८ मध्ये आल्या आहेत. नवा कर्नल असेल तर बाहेरचा ड्रायव्हर काढून आतला वापरून बघा. दोन्ही एकाच वेळी ठेवू नका, कार्ड कोणाच्या ताब्यात जाईल सांगता येत नाही.

मशीन पूर्ण गोठलं तर

बटण दाबून बंद करण्याआधी ऑल्ट आणि सिसआरक्यू (बहुधा प्रिंट स्क्रीनचंच बटण) धरून एकेक करत एस, यू, बी दाबा. एसने डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहिलं जातं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने रीबूट होतं. उबुंटूमध्ये ही तीन अक्षरं मुळातच चालू असतात. याने फाइल खराब होण्यापासून वाचतात, आणि लॉगच्या शेवटच्या ओळी डिस्कवर टिकून राहण्याची शक्यता वाढते.

तरीही नाही जमलं तर

बिघाड कळवा. उबुंटूवर ‘उबुंटू-बग लिनक्स’ ही आज्ञा लागणारी बरीच माहिती स्वतः गोळा करते. कर्नलची आवृत्ती, कार्डाच्या दोन्ही संख्या आणि बिघाडाच्या आधीच्या ओळींसकट लॉग द्या. नुसता स्क्रीनचा फोटो कामाचा नाही. फर्मवेअर पडल्यावर काही ड्रायव्हर सिस फोल्डरमध्ये क्लास, मग डेवकोअरडंप इथे नोंद ठेवतात. ती साधारण ५ मिनिटांत आपोआप नाहीशी होते, तेव्हा लगेच कॉपी करा.

कार्ड बदलणं हाही सरळ मार्ग आहे, सुटं एम.२ (मदरबोर्डवरच्या छोट्या खाचेत बसणारं) कार्ड असेल तर. घेताना एक बघा: इंटेलची एएक्स२०१ आणि एएक्स२११ ही कार्डं फक्त ठरावीक इंटेल प्रोसेसरांसोबतच चालतात, एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ती ओळखलीच जात नाहीत. एएक्स२०० आणि एएक्स२१० साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालतात. नवं कार्ड बसवण्याआधी मॉडप्रोब.डी मध्ये आपण लिहिलेली फाइल, आणि कुठे ब्लॅकलिस्टची (ड्रायव्हर लोड होऊ न देणारी) ओळ घातली असेल तर तीही, काढून टाका.