ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागत असेल तर

जुन्या गाडीत डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा मधूनच लागून विझत असेल, तर तो नेमका केव्हा लागतो हे आधी टिपून ठेवावे. वळणावर, चढावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर तो लुकलुकत असेल, तर टाकीतील ब्रेक ऑइल किमान खुणेजवळ आलेले असून ते हेलकावताच आतला तरंगणारा सेन्सर खाली जातो, असे बहुधा निघते. अशा वेळी नुसते ऑइल भरून मोकळे होऊ नये. चाकाची चकती घट्ट धरणारे ब्रेक पॅड झिजले की ते दाबणाऱ्या कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि टाकीतील पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅडची जाडी पाहावी आणि चाकांच्या आतील बाजूस व मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणाऱ्या भागाच्या) खाली ओल आहे का हे तपासावे. भरायचे ऑइल टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच आणि सीलबंद डब्यातील असावे, कारण उघड्या डब्यातील ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते.

खड्ड्यांतून जाताना दिवा लागत असेल, तर संशय हँडब्रेकच्या स्विचवर घ्यावा: दिवा लागलेला असताना लिव्हर खाली दाबल्यावर तो विझला, तर स्विचची जागा नीट बसवण्याची गरज आहे. पातळी व स्विच दोन्ही ठीक असतील, तर सेन्सरचा गंजलेला कनेक्टर पाहावा.

मात्र पेडल मऊ लागत असेल किंवा नेहमीपेक्षा खोल जात असेल, तर ही तपासणी बाजूला ठेवून गाडी चालवणे तत्काळ थांबवावे आणि ती ओढून गॅरेजमध्ये न्यावी.