फाइल कॉपी ११ एमबीवरच अडकते? आधी केबल बघा

घरच्या सर्व्हरवरून मोठी फाइल उतरवताना वेग सेकंदाला ११-१२ मेगाबाइटच्या वर जातच नसेल, तर सर्व्हरला शिव्या घालू नका. हा आकडाच चुगली करतो: जोडणी बहुधा गिगाबिटऐवजी (म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिटऐवजी) १०० मेगाबिटवर चालली आहे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० मेगाबिट म्हणजे जेमतेम १२ मेगाबाइट.

१. विंडोजमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट इथे 'लिंक स्पीड' पाहा. १००/१०० दिसलं की चोर सापडला. लिनक्स सर्व्हरवर हेच 'इथटूल' (ethtool) ही कमांड सांगते. दोन्हीकडे बघा.

२. केबल दोन्ही टोकांना काढून 'टक्' आवाज येईपर्यंत परत बसवा.

३. तरी तेच? केबल बदला. गिगाबिटला आतल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. म्हणून दाराच्या फटीत चेपलेली केबल चालू दिसते, पण रांगते. माझी सोफ्याच्या पायाखाली होती, कधीपासून कोण जाणे.

नवी केबल आणण्याआधी राउटरचे पोर्ट गिगाबिट आहेत ना, ते बघून घ्या. बऱ्याच स्वस्त राउटरचे नसतात. आणि वेग हाताने १००० वर नेण्याच्या फंदात पडू नका, सेटिंग 'ऑटो'वरच राहू द्या.