शाळेत पोराला नावं ठेवून चिडवत असतील तर काय करायचं

सगळ्यात आधी, "दुर्लक्ष कर" म्हणू नका. मी म्हटलं होतं. मुलगी आठवीत, भांडुपला राहतो आम्ही, संध्याकाळी गॅसवर आमटी होती आणि ती मागून म्हणाली आई मला वर्गात म्हैस म्हणतात, मी मागे वळूनही न बघता म्हटलं अगं दुर्लक्ष कर, झालं, पुढचे तीन महिने तिने काही सांगितलंच नाही. डबा रोज रिकामा यायचा म्हणून मीही निश्चिंत. मग शेजारच्या काकूंनी सांगितलं की पोरगी घरी यायच्या आधी आपल्या जिन्यात बसून डबा खाते. वर्गात डबा उघडला की "चरायला बसली" म्हणायच्या ना.

म्हणून पहिलं काम म्हणजे नुसतं ऐकायचं, उपाय नंतर. समोर बसवून उलटतपासणी नको, क्लासला चालत जाताना वगैरे बोला, पोरं तेव्हा मोकळी होतात. "दिवस कसा गेला" ला उत्तर "ठीक" एवढंच येतं, त्यापेक्षा "मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसलीस" विचारा.

दर रविवारी मी एक आकडा विचारते, ० ते १० मध्ये सध्या आयुष्य कसं वाटतंय? पिसा नावाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत १५ वर्षांच्या मुलांना असाच प्रश्न विचारतात, आणि ज्यांना वारंवार त्रास दिला जातो त्यांचे आकडे खाली असतात. २०१८ मध्ये ओईसीडी या, बहुतेक श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांत सरासरी २३ टक्के मुलांनी महिन्यातून काही वेळा तरी असा त्रास होतो म्हणून सांगितलं होतं, तेव्हा आपलंच पोर नाजूक आहे असं समजू नका. माझी म्हणाली ३. पोटात गोळा आला, पण "इतकं कमी कसं गं" म्हटलं नाही, "३ का, २ का नाही?" एवढंच विचारलं. मग कळलं की चित्रकलेच्या तासाला तिला बरं वाटतं.

आता वही. तारीख, कुठला तास, नेमके शब्द, आजूबाजूला कोण होतं, सगळं लिहा. लिहिल्यावरच आम्हाला दिसलं की "सगळे" चिडवत नव्हते, दोघीच होत्या, बाकीचे हसत होते. व्हॉट्सअॅपवर असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. वही घेऊन आधी वर्गशिक्षकांकडे जा, त्या मुलींच्या आयांना फोन नको आणि पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका, तिथे पोरीचीच चर्चा होते. लेखी अर्ज द्या आणि झेरॉक्सवर शाळेचा शिक्का घ्या. मागणी स्पष्ट हवी, जागा बदलायची तर चिडवणाऱ्यांची बदला, माझ्या मुलीची नको, आणि मधल्या सुट्टीत वर्गात कोणीतरी मोठं माणूस असू दे. तिथे दाद लागली नाही तर मुख्याध्यापक, आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या शाळेच्या सखी सावित्री समितीबद्दल विचारा, २०२२ चा शासन निर्णय आहे. शिक्षकच टोमणे मारत असतील तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ आहे, त्यात मानसिक छळालाही बंदी आहे.

उलट उत्तर द्यायला मी शिकवलं नाही, त्याने चेव येतो. "मला या नावाने हाक मारू नकोस" एवढं एकच वाक्य घरी दहा वेळा म्हणून घेतलं, आवाज न कापता येईपर्यंत. आणि शाळेबाहेर एखादी जागा हवीच जिथे ते नाव कोणाला माहीत नाही, आम्ही चित्रकलेचा क्लास लावला.

झोप उडाली, शाळेच्या नावाने पोटात दुखायला लागलं तर डॉक्टरांना दाखवा. "मला जगायचंच नाही" असं काही बोललं तर थांबूच नका, पोराला एकटं ठेवू नका आणि लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ लावा, मराठीत बोलतात. पोरं स्वतः १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करू शकतात, तो नंबर त्यांना पाठ असू दे.

गेल्या रविवारी ६ म्हणाली. ५ का नाही विचारलं तर म्हणे, डबा खायला आता आम्ही दोघी असतो.