कॅरिबियनला स्वतःच्या हिमतीवर जायचंय? मग शांत गाव असं शोधा

लातूर नांदेडकडचे बरेच जण आता बाली थायलंड करून आलेत आणि पुढच्या वेळी कॅरिबियन म्हणायलेत. चांगलंय की, पण आधी इन्स्टावर निळं पाणी बघायचं मग हॉटेल आणि व्हिसाचा विचार सगळ्यात शेवटी, असं उलटं सुरू करतात लोकं. आधी आपला पासपोर्ट कुठं चालतो ते बघा, मग पोचायचं कसं, मग किनाऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि गावाचं नाव त्यानंतर.

पासपोर्टचं तसं सोपंय. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद-टोबॅगो, ग्रेनाडा, डॉमिनिका इथं आपल्याला फिरायला व्हिसा लागत नाही (तरी तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघून घ्याच, हे नियम बदलत असतात). खरी गोम मधल्या रस्त्यात आहे. मायामीला नुसतं विमान बदलायचं असलं, एअरपोर्टच्या बाहेर पायसुद्धा ठेवायचा नसला, तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर तिथं पण नुसतं विमान बदलायला आपल्याला सहसा ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो (अमेरिकेसारख्या काही देशांचा चालू व्हिसा असला तर सूट मिळू शकते), आणि उतरायचं हीथ्रोला नि पुढचं विमान लंडनच्याच दुसऱ्या एअरपोर्टवरून, गॅटविकहून असलं तर इमिग्रेशन करून बाहेर यावं लागतं, त्याचा नियम वेगळा, म्हणून आधी बघा, ते मुंबईच्या काउंटरवर कळलं तर देवगिरी एक्सप्रेसनं गुमान परत.

आता महिना. १ जून ते ३० नोव्हेंबर तिकडं चक्रीवादळाचा सीझन, ऑगस्ट ते ऑक्टोबर जोर जास्त. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यातच सापडते. २०२५ ला दिवाळी उलटून आठवडा झाला आणि २८ ऑक्टोबरला मेलिसा वादळ जमैकाच्या नैऋत्य किनाऱ्यावर धडकलं, सगळ्यात वरच्या म्हणजे पाचव्या कॅटेगरीचं. शांत गाव म्हणून सगळे ज्याचं नाव घ्यायचे ते ट्रेझर बीच त्याच पट्ट्यात आहे, त्यामुळं तिथलं जुन्या तारखेचं काहीही वाचून बुकिंग करू नका, आधी फोन करून विचारा. त्रिनिदाद-टोबॅगो, अरुबा, कुरसाओ ही बेटं खाली दक्षिणेला असल्यानं वादळाच्या वाटेत सहसा येत नाहीत.

मेची सुट्टी वादळाला बरी, आणि डिसेंबर ते एप्रिलच्या मानानं स्वस्तपण, पण तेव्हा सर्गासम असतं. हे म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळ, २०११ पासून अटलांटिकमधून ढिगानं वाहून यायलंय, किनाऱ्यावर साचलं की सडतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो, पोहणं तर सोडाच तिथं बसवतसुद्धा नाही. फोटोत कुणी हे दाखवत नाही. वारं तिकडं पूर्वेकडून वाहतं म्हणून पूर्वेकडं तोंड असलेल्या किनाऱ्यावर ते जास्त लागतं, पश्चिमेकडच्या बाजूला बरंच कमी. म्हणून गुगल मॅप उघडून आधी बीचचं तोंड बघायचं, स्टार नंतर मोजायचे. बार्बाडोसचं बॅथशेबा बघा, फोटोत काय देखणं, पण पूर्वेला उघडं, लाटा आणि ओढ इतकी की सर्फिंगवाल्यांसाठी ठीक, आपण मराठवाड्याचे लोकं विहिरीत पोहायला शिकलेले, तिथं गुडघ्याच्या वर जायचं नाही. रिव्ह्यू वाचताना पण तुम्ही जाणार त्याच महिन्यातले वाचा.

शांतता कशी ओळखायची? क्रूझ जहाजाचा धक्का जवळ नसावा, हे पहिलं, नसता सकाळी दहाला हजारो माणसं उतरतात आणि पाचला परत जातात. मोठा एअरपोर्ट तासभर तरी लांब असावा. आणि वार विचारा! टोबॅगोचं बुक्कू एरवी निवांत, पण रविवारी रात्री तिथं संडे स्कूल नावाची रस्त्यावरची पार्टी असते, शाळेचा काही संबंध नाही, आपल्या वरातीतल्या डीजेसारखे स्पीकर वाजतात.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं टोबॅगोचं कास्टारा बघावं. कोळ्यांचं गाव, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, सगळे मिळून जाळं ओढतात ते बीचवर बसून बघता येतं. शिवाय ३० मे १८४५ ला फतेल रझाक जहाजातून पहिले भारतीय मजूर त्रिनिदादला उतरले, तेव्हापासून डाळ, रोटी, छोले तिकडचेच झालेत, त्यामुळं शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. बारा म्हणजे पुरीसारख्या तळलेल्या मऊ रोट्या, अशा दोनांमधे छोले घालून डबल्स म्हणून देतात, नाश्त्याला एकदम भारी.

पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असेल (पोरं तिकडं असलेल्यांचा असतोच) तर कोस्टारिकाचं काहुइता पण धरा, त्या किनाऱ्याला सप्टेंबर-ऑक्टोबरमधे उलट पाऊस कमी असतो. बेलीझ देशातल्या 'की कॉकर' बेटाचं नाव फार घेतात. गाड्या नाहीत, गोल्फ कार्टवर सगळं चालतं, पण वाळूचा बीच म्हणून जाल तर हिरमोड होईल, ते पाण्यात उतरून प्रवाळ बघणाऱ्यांचं गाव आहे.

त्रिनिदाद, पनामा, कोलंबियाहून परत येताना भारतात यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड मागतात. नसलं तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, म्हणून तिकिटाबरोबरच तिची अपॉइंटमेंट घ्या.

आणि खोली आधी तीनच रात्रींची घ्या. मालकाला व्हॉट्सॲपवर एवढं विचारा: आज किनाऱ्याचा फोटो पाठवता का, एटीएम किती लांब, शेवटची बस किती वाजता. फोटो पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याला सोडा, दुसरं बघा.